मुकादमीण एकटीच कशी वाचली?

१

पाचवी कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात सापडली. पिसं फुगवून, मान आत ओढून, झोपल्यासारखी बसली होती. सुपरवायझरबाईंनी तिला हात लावला आणि लगेच काढून घेतला. अंग गार होतं. खालच्या भुशावर रक्ताचे तेच तांबूस डाग होते.

औषध सुरू होऊन आजचा चौथा दिवस होता. औषधाआधी दोन गेल्या, त्याचं बाईंना काही वाटलं नव्हतं असं नाही, पण तेव्हा रोगच कळला नव्हता. आता रोग कळला होता, औषध मिळालं होतं, रोज ताज्या पाण्यात पूड मोजून मिसळली जात होती, आणि तरी मंगळवारी एक, बुधवारी एक, आज गुरुवारी एक. बारांतल्या सात उरल्या होत्या, कोंबड्यासकट.

बाईंना सुपरवायझर म्हणत, कारण तीस वर्षं त्या परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या राहिल्या होत्या. कोणाच्या मोज्यात चिठ्ठी आहे आणि कोण नुसताच पाय खाजवतोय, हे त्यांना पाठमोरं कळायचं. निवृत्त झाल्यावर पाखरं पाळली आणि तिथेही त्यांची नजर तशीच फिरे. कोणती कोणाचे दाणे पळवते, कोणती अंडं घालून दुसरीच्या नावावर खपवते, सगळं तोंडपाठ.

"अहो!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "आणखी एक गेली."

कंपाउंडर, म्हणजे त्यांचे यजमान, टॉवेलला हात पुसत व्हरांड्यात आले. अडतीस वर्षं त्यांनी दवाखान्यात औषधं बांधली होती आणि घरातही ते प्रत्येक बाटलीवर डोसाच्या खुणा कातरलेली कागदी पट्टी डकवत. खोकल्याचं औषध असो नाहीतर दिव्याचं तेल.

"अरेरे," ते म्हणाले. "बिचारी. मी करतो सगळं, तू आत जा."

व्हरांड्यातल्या वेताच्या टोपलीतून एकच जोरदार आवाज आला. आजारी म्हणून वेगळी ठेवलेली मुकादमीण कोंबडी ओरडत होती. सोमवारी औषध सुरू झालं तेव्हा सगळ्यांत अत्यवस्थ तीच होती. मान टाकलेली, तुरा पांढराफटक. ती रात्र काढणार नाही असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या होत्या. आज ती टोपलीच्या काठावर उभी राहून दाण्यांसाठी शिव्या घालत होती.

बाई थबकल्या. जी मरायला टेकली होती ती ठणठणीत, आणि ज्या हिंडत्याफिरत्या होत्या त्या मरत होत्या.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

२

डॉक्टरीणबाई दहा वाजता आल्या. जनावरांच्या दवाखान्यात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे बूट कायम शेणाचे आणि बोलणं कायम तुटक.

"काकू, पूड तीच. या आठवड्यात सोळा घरी दिली. सगळीकडे उतार आहे. तुमच्याकडेच का नाही, मला कळत नाही."

"पूड जुनी असेल," बाई म्हणाल्या. संशय घ्यायचा तर तोंडावर घ्यायचा, ही त्यांची सवय.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. पाकीट उलटं करून तारीख दाखवली. दोन वर्षं बाकी होती. "आणि जुनी असती तर टोपलीतली वाचली नसती. तिलाही तीच देताय ना?"

"तीच. हे ड्रॉपरने पाजतात."

"मग बाकीच्या भांड्यातलं पाणी पितच नसतील. दुसरीकडे कुठे पाणी आहे? कोंबडीला औषधी पाण्यापेक्षा डबकं आवडतं."

जाताना त्यांनी आवाज उतरवला. "काकू, रविवारपर्यंत थांबलं नाही तर उरलेल्या ठेवू नका. माती जंतूंनी भरून जाईल, वर्षभर या अंगणात पिल्लू जगणार नाही."

बाई खुराड्याच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. अंगण मोकळं झालं की काय होणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण तो विनोद त्यांनीच केला होता. दर रविवारी मुलाचा फोन यायचा. आई, बाबा, या ना इकडे राहायला, खोली रिकामी आहे. आणि बाई दर रविवारी सांगायच्या, "माझ्या अंगणात एकही कोंबडी उरणार नाही ना, त्या दिवशी बॅग भरते बघ!" मुलगा हसायचा. कंपाउंडरही हसायचे. सहा वर्षं हे चाललं होतं.

आता तो विनोद रविवारवर येऊन ठेपला होता.

त्यांनी पदर खोचला आणि डबकं शोधायला निघाल्या. फार लांब जावं लागलं नाही. शेजारच्या भिंतीखालून पाण्याची बारीक धार अंगणात येत होती, आणि कोंबडा चोच वर करून मजेत पाणी पीत होता.

३

भिंतीपलीकडे व्हायोलिनमास्तर राहत. कोंबडा पहाटे आरवतो तो बेसूर आरवतो, अशी त्यांची गल्लीच्या कमिटीकडे लेखी तक्रार होती. आरवण्याबद्दल त्यांची हरकत नव्हती.

"तुमचा नळ गळतोय," बाई भिंतीवरून म्हणाल्या.

"महिनाभर गळतोय, वहिनी."

"त्या पाण्यानं माझ्या कोंबड्या मरतायत."

मास्तर दचकले. व्हायोलिन खाली ठेवून आले, धार पाहिली आणि खरोखरच ओशाळले. "मला कोंबडा नको होता, पण असा नको होता! थांबा." त्यांनी सायकलची जुनी ट्यूब आणून नळाला घट्ट गुंडाळली. पाणी थांबलं. एवढ्यावर न थांबता भिंतीवरून येऊन फावड्यानं डबकं बुजवलं. माणूस वाईट नव्हता. नुसता कानाचा हळवा होता.

"तुमचे यजमान मात्र जीव लावतात हं," फावडं टेकून मास्तर म्हणाले. "रोज संध्याकाळी खिडकीतून बघतो मी. भरड्यावर टॉनिक घालतात, तेसुद्धा चमच्यानं मोजून. टोपलीतलीलाच काय ते कोरडे दाणे."

"अशक्तपणा येतो ना," बाई म्हणाल्या. "टॉनिकनं ताकद येते, असं म्हणतात हे. मी म्हटलं, मुकादमिणीलाही द्या, तर म्हणाले, हिची जीभच टॉनिक आहे!"

दोघंही हसले.

"ते म्हणालेच होते मला," मास्तर म्हणाले, "थोडं सोसा, लवकरच शांतता होईल. मला वाटलं, कोंबड्याला काही सुराचं शिकवतायत."

बाईंनाही तसंच काहीसं वाटलं. कंपाउंडरांना भांडण आवडत नसे. शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलले असतील.

संध्याकाळी सात वाजता ते नेहमीप्रमाणे तळहातावर रक्तदाबाची गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन आले. बाईंची नजर खुराड्यावर होती. त्यांनी न बघताच गोळी उचलली आणि गिळली. अकरा वर्षं त्या ती अशीच गिळत होत्या. गोळीचं पाकीट लाल की निळं, असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"डबकं सापडलं," त्या म्हणाल्या. "आता वाचतील बघा."

"वाचायलाच हव्यात," कंपाउंडर म्हणाले आणि टॉनिकची बाटली घेऊन अंगणात उतरले.

शुक्रवारी सकाळी सहावी कोंबडी मेलेली होती.

४

बाई रडल्या नाहीत. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि हॉलमध्ये बसायच्या तशा ताठ बसल्या.

एकदा एका हॉलमध्ये सबंध वर्गाचं एकाच गणिताचं उत्तर चुकलं होतं, अगदी एकसारखं. फळ्यावर कोणीतरी चुकीचा आकडा लिहून ठेवला होता. बाईंनी तो शोधला कसा? एका मुलीचं उत्तर बरोबर होतं, आणि ती खांबाआड बसली होती. तिला फळा दिसतच नव्हता. सगळे चुकलेले असले तर चुकलेल्यांना विचारून काही कळत नाही, बघायचं ते बरोबर आलेल्याकडे.

बाईंनी मान वळवून मुकादमिणीकडे बघितलं. मुकादमिणीनंही एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं.

रोग तोच. पूड तीच. पाणी त्याच हंड्यातलं. भुसा नाही, टोपली आहे. पण भुसा रोज बदलला जात होता. दाणे तेच, भरडलेले नाहीत एवढंच. मग हिला काय मिळत नव्हतं?

बाई उठल्या. चपला उलट्या पायांत घातल्या आणि तशाच दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई एका बोकडाचे खूर कापत होत्या. "टॉनिक?" त्यांचा हात थांबला. "कसलं टॉनिक?"

"जीवनसत्त्वाचं. ब-एक का काय. यांनी त्यांच्या जुन्या दवाखान्यातून आणलं."

डॉक्टरीणबाईंनी बोकड सोडून दिला. तो खोलीभर तीन पायांवर नाचू लागला.

"काकू, ही पूड जंतूला मारत नाही, फसवते. आतड्यातल्या त्या जंतूला ब-एक लागतं. पूड त्याला ब-एकसारखीच दिसते. तो तीच खात बसतो आणि उपाशी मरतो. तुम्ही वरून खरं ब-एक भरपूर दिलंत तर तो खरंच खाणार! औषध दिलं काय, न दिलं काय."

"पाकिटात कागद असतो की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध चालू असताना असं टॉनिक देऊ नये, स्पष्ट छापलंय."

"कागद नव्हता पाकिटात."

"होता. मी पाकीट उघडून, कागद बघून, काकांच्या हातात दिलं." मग बाईंचा चेहरा बघून त्या घाईनं म्हणाल्या, "होतं असं, काकू. पडला असेल कुठे. मायेनं दिलं बिचाऱ्यांनी, माणसांच्या औषधांत आयुष्य गेलेलं. रागावू नका त्यांना. आजपासून टॉनिक बंद करा, पुडीचे पाच दिवस नव्यानं मोजा. मी सांगते, वाचतील."

बाई दवाखान्यातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांना हलकं वाटत होतं. चूक होती तर. मायेची चूक. घरी जाऊन यजमानांना कसं सांगायचं, त्यांना किती लागेल, याचाच विचार करत त्या चालत होत्या. अर्ध्या वाटेत त्यांची पावलं मंदावली.

मायेची चूक असती, तर ती टोपलीपाशीच का थांबली?

५

कंपाउंडर आंघोळीला गेले होते. टॉनिकची बाटली व्हरांड्याच्या फळीवर होती. पांढऱ्या काचेची, आत काळपट लाल औषध, बाहेरून नेहमीची कातरलेली पट्टी. पाच डोसांच्या पाच खाचा. औषध शेवटच्या खाचेपाशी आलं होतं.

बाईंनी बाटली उचलली. वरचा भाग आता रिकामा होता, आणि रिकाम्या काचेतून पट्टीची आतली बाजू दिसत होती. चार दिवस ती त्या लाल औषधाआड होती. कंपाउंडर कोरा कागद कधी कातरत नसत. जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिका, जे हाताला लागेल त्याची पाठ वापरत. कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पट्टीच्या आतल्या बाजूला छपाई होती.

बाईंनी बाटली आडवी केली, चष्मा वर सरकवला, उजेडाकडे धरली. खाचांनी काही अक्षरं खाल्ली होती. उरलेली नीट लागत होती.

"...काळात पक्ष्यांना ब-१ जीवनसत्त्व असलेले टॉनिक देऊ नये. औषधाचा परिणाम नाहीसा..."

बाई तशाच उभ्या राहिल्या. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, हे त्यांना त्या क्षणी कळलं. फरशी तिथेच होती. पण तिच्यावर पाय ठेवायचा विश्वास उरला नव्हता.

कंपाउंडर बाहेर आले. केस ओले, कपाळावर पाणी. बाटली आणि बाई, दोन्ही त्यांनी एकदमच पाहिलं.

बाई ओरडल्या नाहीत. कॉपी पकडल्यावर त्या कधीच ओरडत नसत. शेजारी जाऊन बसायच्या आणि थांबायच्या. पायरीवर बसून त्यांनी कंपाउंडरांसाठी जागा केली.

"बसा."

ते बसले.

"हा कागद कुठला हो?"

"कुठलाही. पाकिटातला असेल. पट्टीला घेतला."

"वाचला होतात?"

"अगं, पट्टीचा कागद कोण वाचतं?"

"अडतीस वर्षं कागद वाचल्याशिवाय मी गोळी दिली नाही, असं दर पाहुण्याला सांगता."

टोपलीत मुकादमीण दाणे चिवडत होती.

"बरं, नसेल वाचला," बाई म्हणाल्या. "मग हिला टॉनिक का नाही दिलंत? सगळ्यांत अशक्त हीच होती. सगळ्यांना ताकद द्यायची, आणि जी मरायला टेकली तिला नाही? तेवढं मला समजावून सांगा. मी ऐकते."

भिंतीपलीकडून व्हायोलिनचे सूर लावल्याचा आवाज आला आणि थांबला.

"ती तुझी लाडकी ना," कंपाउंडर शेवटी म्हणाले. "सोमवारी तू तिला मांडीवर घेऊन बसलीस. मला बघवेना."

"म्हणजे कळत होतं तुम्हाला. पहिल्या दिवसापासून."

"रोग मी आणला नाही," ते घाईनं म्हणाले. "रोग आपोआप आला. दोन मेल्या तेव्हा मला वाटलं, झालं, आता हे आपसूकच संपेल. मग औषध आलं. तो कागद वाचला आणि... काही विष घातलं नाही गं मी. टॉनिकच घातलं."

"आणि हिचं काय करणार होतात? एक उरली असती तरी मी आले नसते."

"एक कोंबडी फ्लॅटच्या बाल्कनीत राहते. मी मुलाला विचारून ठेवलं होतं."

बाईंनी डोळे मिटले. सगळं किती नीट बांधलेलं होतं, पुडीसारखं, चारी बाजूंनी घडी घालून.

"मला सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"कधी?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "दर रविवारी तू तो विनोद करायचीस आणि फोन ठेवायचीस. सहा वर्षं. मला कोणी विचारलं का? तुला ह्या होत्या दिवसभर बोलायला. मला कोण होतं? नातू मला आवाजावरून ओळखतो, तोंडावरून नाही."

"तुम्ही पण हसायचात."

"हसायचो."

"एकदा जरी म्हणाला असतात, मला जायचंय, तर मी कोंबड्या सोडल्या असत्या. रडले असते, भांडले असते, पण सोडल्या असत्या. तुम्ही मागितलं नाहीत. तुम्ही रोज संध्याकाळी माझ्यासमोर, चमच्यानं मोजून, मायेचं नाटक करून त्यांना मारलंत. आणि मी तुमचं कौतुक केलं! त्या मास्तरांपाशी कौतुक केलं मी तुमचं. कोंबड्यांचं मला वाईट वाटतंच. पण आज मला तुमची भीती वाटली, त्याचं काय करू?"

कंपाउंडरांनी बाईंच्या हाताकडे हात नेला. बाईंनी बाटली मधे ठेवली.

६

शनिवारी आणखी एक कोंबडी गेली. ती आधीच हाताबाहेर गेली होती. रविवारी सकाळी बाईंनी खुराड्याचं दार उघडलं तेव्हा कोंबडा आणि तीन कोंबड्या पायांवर उभ्या होत्या, आणि भुशावर तांबूस डाग नव्हता. मुकादमिणीला टोपलीतून खाली सोडलं. तिनं येताच सगळ्यांना टोचून शिस्तीत उभं केलं. डॉक्टरीणबाई बघून गेल्या, समाधानानं मान हलवली आणि म्हणाल्या, "काकांना रागावला नाहीत ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? अशी गोष्ट सांगायला जे एक माणूस होतं, तेच हे होतं.

पूड आता त्या स्वतः मोजत. कंपाउंडरांनी सकाळी पाणी तयार करून ठेवलं होतं, सवयीनं, नवी कोरी पट्टी लावून. ते बाईंनी मोरीत ओतलं आणि दुसरं केलं. ते दारात उभे राहून बघत होते.

दुपारी मुलाचा फोन आला. "काय आई, बॅग भरली का?"

त्यानं हसायची तयारी ठेवली होती. बाईंनी विनोद केला नाही. "बाबांना विचार," त्या म्हणाल्या आणि फोन पुढे केला.

कंपाउंडरांनी तो दोन्ही हातांनी धरला. "मला यायचंय रे," ते शेवटी म्हणाले. "मला सहा वर्षं झाली, यायचंय." एवढं बोलून त्यांनी बाईंकडे बघितलं. सहा वर्षं जड झालेलं ते वाक्य इतकं लहान होतं.

"जा तुम्ही," फोन झाल्यावर बाई म्हणाल्या. "महिनाभर राहा. नातवाला तोंड दाखवा."

"आणि तू?"

"मी आत्ता काही सांगत नाही."

संध्याकाळी सात वाजले. कोंबड्या आपापल्या जागी चढल्या. बाई नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. कंपाउंडर आले, अकरा वर्षं येत होते तसेच. एका हातात ग्लास, दुसऱ्या तळहातावर पांढरी गोळी.

बाईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी गोळीकडे बघितलं. ती कशी दिसते, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मधोमध एक बारीक रेघ होती.

"पाकीट आणा," त्या म्हणाल्या.

"अगं, तीच आहे. रोजचीच. माझ्यावर..."

"कागदासकट आणा."

ते आत गेले. कपाट उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. त्यांनी पाकीट आणून बाईंच्या हातात दिलं आणि ग्लास धरून बाजूला उभे राहिले. बाईंनी चष्मा लावला, घडी केलेला कागद उलगडला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.